अकोल्याचा धोंडा, देवरुखचे आंबे आणि दोन लहान मुलं : मे महिना कसा जमवू?

सईची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा प्लीज, कारण रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १ मेचं २ मार्चला सकाळी ८ ला, आणि त्याच्या आत मला काहीतरी एक ठरवायचंय.

आम्ही ठाण्याला राहतो. सई साडेचार वर्षांची आणि धाकटा १४ महिन्यांचा, नुकता धावायला लागलाय. सासर देवरुखजवळच्या एका वाडीत, माहेर अकोला. म्हणजे एक टोक कोकणात आणि एक वऱ्हाडात, मध्ये ठाणं. नवऱ्याला मे-जून मिळून ९ रजा आहेत, मलाही साधारण तेवढ्याच.

सासरी काही प्रॉब्लेम नाही, १ मेला शुक्रवार आहे, जोडून सुट्टी मिळते, आंब्याचे दिवस, सासूबाई-मामंजी वाटच बघतायत. प्रश्न अकोल्याचा आहे. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. आमचं लग्न २०१९ चं. त्यानंतरचा पहिला अधिक महिना २०२० ला लॉकडाऊनमध्ये गेला, दुसरा २०२३ ला आला तेव्हा बाबांचं ऑपरेशन होतं. म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण अजून एकदाही झालेलं नाही आणि आईच्या मनात ते रुतून बसलंय. तिने जानेवारीतच अनारशाचे तांदूळ कुठले घ्यायचे ते ठरवलंय. माझ्या मावश्या, काकू, आत्या सगळ्या म्हणतायत की नवीन बाळ अजून कोणी धड बघितलंच नाही, ये आता महिनाभर.

आणि मला भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी मेमध्येच गेलो होतो, सई अडीच वर्षांची होती. पाच दिवसांत अकरा घरी गेलो. कोणालाच नाही म्हणता येत नव्हतं, एकीकडे गेलो आणि दुसरीकडे नाही गेलो तर वर्षभर तो विषय राहतो. प्रत्येक घरी सरबत, प्रत्येक घरी आमरस, प्रत्येक घरी "एवढंसं खा गं". रिक्षातून फिरायचो तर सीटचं रेक्झिन मांडीला चटका बसेल इतकं तापलेलं. चौथ्या दिवशी रात्री तिला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पहाटे दवाखान्यात सलाईन. तिच्या इवल्याशा हाताची शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं, ती "आई नको" म्हणत होती आणि मी तिचा हात धरून ठेवला होता. ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. त्यात चूक कोणाचीच नव्हती, सगळे मायेनेच बोलावत होते, हे मला कळतं, म्हणूनच जास्त अवघड आहे.

आईच्या घरी एसी नाही, कूलर आहे. १७ मेनंतर तिकडे काय असतं ते तुम्हाला माहितीये, २५ पासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. न जावं तर आईचं मन मोडतं. जावं तर दोन लेकरं. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, किती दिवस, कसं, कोणाला काय सांगितलं?

रातांबा

कोकणातल्या भागाबद्दल मी सांगतो, मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच, आणि आमच्या घरी दर मेला बहिणींची पोरं येतात.

आधी गाडी. गाडीने म्हणजे कारने येऊ नका, मुंबई-गोवा हायवेवर लहान मुलांना घेऊन किती तास बसाल याचा भरवसा नाही. मांडवी एक्सप्रेस धरा, ठाण्याहून सकाळी बसलात की दुपारी जेवायच्या वेळेला संगमेश्वरला उतरता. दिवसाची गाडी असल्याने पोरं खिडकीत रमतात, आणि मांडवीत खायला सतत काहीतरी येत असतं. सई ५ च्या आत आहे म्हणून तिला तिकीट लागत नाही पण मग जागाही मिळत नाही, माझं ऐका, पूर्ण भाडं भरून तिच्या नावाचं सीट घ्या. मांडीवर दोन-दोन पोरं घेऊन पाच तास होत नाहीत, निम्म्या वाटेत आईबाप भांडायला लागतात. संगमेश्वरहून पुढे देवरुखपर्यंतची रिक्षा घरच्यांना सांगून आधीच ठरवून ठेवा, भर दुपारी स्टेशनबाहेर हातात बाळ घेऊन भाव करत उभं राहायला लागू नये.

आता घर. तुम्ही धाकट्याचं वय सांगितलंत म्हणून लिहितो, पाच महिन्याच्या बाळाला कोकणात तेवढी भीती नाही, धावणाऱ्याला आहे. पोचल्या पोचल्या चहा घ्यायच्या आधी परड्यात एक चक्कर मारा. विहिरीला कठडा आहे का, असला तर पोराच्या छातीच्या वर येतो का, शेजाऱ्यांच्या विहिरीला आहे का. चुलीजवळ पाण्याचं तपेलं कुठे ठेवतात. विंचू चिऱ्यांच्या गडग्यात, लाकडाच्या ढिगात, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यात असतो, मे महिन्यात आणि पहिल्या पावसाला जास्त निघतो. चप्पल-बूट झटकून घालायचे, रात्री अनवाणी खळ्यात म्हणजे अंगणात जायचं नाही, झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. आणि चुकून चावलाच तर मंत्र-बिंत्र, कांदा चोळणं यात एक मिनिट घालवायचं नाही, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा १०८. लाल विंचू लहान मुलाच्या हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधून आमच्याकडची कितीतरी लेकरं वाचवली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजून त्यांचं नाव देवासारखं घेतात. पण त्या उपचाराला वेळेत पोचावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर सासूबाईंना फक्त एवढंच सांगा की आंबा अर्धा तास पाण्यात ठेवून, देठाकडचा चीक नीट पुसून मग पोरांना द्या, नाहीतर ओठाच्या कडेला फोड येतात. करवंदं आणि जांभळं धाकट्याच्या हाताला लागू देऊ नका, बी घशात जाते, आठळ्यांचंही तेच. बाकी सकाळी उकड्या तांदळाची पेज, मेतकूट-भात, दुपारी कोकम सरबत, यावर पोरं दहा दिवस मजेत राहतात.

आणि एक, गणपतीपुळ्याला दर्शन करा पण पाण्यात उतरवू नका, तिथला समुद्र ओढतो. मार्लेश्वर जवळ आहे म्हणून सगळे जाऊया म्हणतील, मेच्या उन्हात बाळ कडेवर घेऊन त्या पायऱ्या चढायचं काही कारण नाही, देव पावसाळ्यानंतरही तिथेच आहे.

संत्र्याची_बाग

मी नागपूरचा, आता पुण्यात. मी जरा वेगळं बोलणार आहे, रागवू नका ताई.

जा अकोल्याला. आमचे दोन्ही पोट्टे दर मेमध्ये नागपूरला जातात, मोठा पहिल्यांदा गेला तेव्हा ११ महिन्यांचा होता. ऊन आहे म्हणून गाव सोडलं तर विदर्भातल्या माणसाने जायचं कधी? चुलत-मावस भावंडं एकत्र येतात ती फक्त मेमध्ये. दिवाळीत कोणाला दोन दिवस, कोणाला चार. माझ्या पोराला पोहणं, पत्ते, सायकल हे सगळं त्याच्या मामेभावाने शिकवलं, मी नाही. रात्री गच्चीवर पाणी मारून सतरंज्या टाकायच्या, आठ पोरं एका ओळीत, आणि आजोबा त्यांना सप्तर्षी दाखवणार, हे पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी कुठून आणू?

तुमच्यावेळी ऊन बाधलं नाही, अकरा घरं बाधली. आमच्याकडे उन्हाळ्याचा एक कायदा असतो, ११ ते ५ घराबाहेर पाऊल नाही. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या किंवा ओल्या चादरी, कूलरसमोरची एक खिडकी थोडी उघडी, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते आणि लेकरं चिकचिक होऊन रडतात. सकाळी सहाला अंघोळ, सातला बाहेर हुंदडणं, दहाला घरात. दुपारी आजीने शिजवून ठेवलेल्या कैरीचं पन्हं आणि झोप. संध्याकाळी साडेसहानंतर परत बाहेर. कल्याणहून रात्रीची विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस धरली तर दोन्ही पहाटेच अकोल्यात पोचवतात, ऊन चढायच्या आत तुम्ही घरात. परतीलाही रात्रीचीच गाडी. १६ मे शनिवार आहे, त्या रात्री निघा, १७ ला अधिकाचा पहिलाच दिवस, जावई दारात, नवतप्याच्या आत परत. चार दिवस. त्या चार दिवसांत सरगुंडे आणि आमरस जावयाच्या ताटात पडले की तुमच्या आईचं वर्ष सोनं झालं.

वॉर्ड_सिस्टर

मी १७ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. संत्र्याची_बाग दादा म्हणतात ते बरोबर आहे, ऊन आणि घरोघर फिरणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुलं आमच्याकडे येतात. पण बाळाला ऊन बाधतंय हे घरच्यांना फार उशिरा कळतं म्हणून लिहिते.

लहान मूल "मला गरगरतंय" असं सांगत नाही. ते चिडचिड करतं, मग गप्प होतं, आणि घरातले म्हणतात चला झोपलं एकदाचं. त्या गप्प होण्याला घाबरायचं. डायपर बघा, सहा-आठ तास कोरडा असेल, रडताना डोळ्यात पाणी नसेल, जीभ चिकट असेल, टाळू आत गेल्यासारखी दिसत असेल तर वाट बघायची नाही. अंग तापलेलं, बाळ सुस्त आणि कातडी कोरडी गरम, हे उष्माघाताचं लक्षण, त्यात तापाचं औषध पाजत बसून उपयोग नाही, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंख्याखाली धरा आणि तसंच ओलं ठेवत दवाखान्यात न्या.

ओआरएसची पावडरची पाकिटं घरूनच घेऊन निघा. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, छोटं २०० मिलीला, पाकिटावर लिहिलेलं वाचायचं, अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून मिळायची ना, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, त्यावर तो शब्द छापायला बंदी केली, कारण त्यात साखर फार असते आणि जुलाबात ती आणखी त्रास देते. तरी लहान गावातला दुकानदार सवयीने तेच काढून देईल. वाटीचमच्याने थोडं थोडं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. धाकटा अजून अंगावर पीत असेल तर उन्हाळ्यात अजिबात तोडू नका, प्रवासात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

सरबतातल्या बर्फाबद्दल कडक राहा, बाहेरचा बर्फ कोणत्या पाण्याचा ते यजमानालाही माहीत नसतं.

आणि कूलर. यावर कोणी बोलत नाही. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली पाणी, ओली फरशी आणि धावणारं बाळ. आईकडच्या कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, जाण्याच्या आधी. पाणी भरताना प्लग काढलेलाच पाहिजे. मी हे उगीच लिहीत नाहीये.

मनवा_न्यू_जर्सी

आमची सुट्टी जूनच्या शेवटी लागते त्यामुळे उन्हाळा आमच्या नशिबी नाही, आम्ही धो धो पावसात येतो, तरी मला तुमचा प्रश्न अगदी आतून समजला. साडेनऊ तासांचा फरक, पोरं रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी चारला, म्हणजे बरोबर कोणाकडे तरी चहाला गेलो की, सोफ्यावर आडवी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तीन दिवसांत आठवं घर. माझ्या आत्येसासूबाई, फार प्रेमळ बाई, त्यांनी तिला उचलायला हात पुढे केले आणि ती जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले आणि म्हणाली, "आई, मला दिसत नाहीये." मला आधी राग आला, मग कळलं की तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. आत्येसासूबाईंनाही वाईट वाटलं, त्यांनी तिच्यासाठी सकाळपासून बेसनाचे लाडू वळले होते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, यायच्या आधी दोन महिने रोज रात्री झोपताना मोबाईलवर एका नातेवाईकाचा फोटो, त्यांची एक गोष्ट. हे पप्पांचे मोठे काका, यांच्याकडे बैल होता त्याचं नाव सर्जा. मग प्रत्यक्ष भेटल्यावर तिने स्वतःहून विचारलं सर्जा कुठे आहे. काकांना काय वाटलं असेल विचार करा. दुसरं, घरोघर जाणं बंद. रविवारी दुपारी ४ ते ८ आम्ही सासूबाईंकडे, सगळ्यांनी तिकडे या, भेळ-आइस्क्रीम आमच्याकडून. ज्या तीन-चार म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही त्यांच्याकडेच फक्त आम्ही जातो, एका दिवशी एकच घर, आणि तिथे मात्र घड्याळ न बघता बसतो. पहिल्या वर्षी दोन घरांतून थोडं बोलणं आलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच सुना मला म्हणाल्या, बरं केलंस, आम्हालाही पाहुण्यांच्या गर्दीत स्वयंपाकातून सुटका.

पाया पडायला मुलीला सांगतो, पण मिठी मारायची का पापी द्यायची हे तिच्यावर. मोठ्यांना आम्हीच हसून सांगतो, तिला थोडा वेळ लागतो, दहा मिनिटांत तुमच्याच मांडीवर असेल. बहुतेक वेळा असतेच.

आज्जी_परतवाडा

अगं पोरी, सगळं वाचलं, चष्मा दोनदा पुसला. मी ६८ वर्षांची, अमरावती जिल्ह्यातली, मला टाईप करायला वेळ लागतो म्हणून नातवाने बोलून टाईप करायचं शिकवलं, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी तुझ्या आईच्या बाजूने बोलते. आम्हा आयांचं असं असतं की लेक वर्षातून एकदा येणार म्हणून आम्ही वर्षभर साठवतो. कुरडयांचा चीक शिजवला की वाटतं हा तिला कच्चाच आवडायचा, वाटीभर बाजूला काढून ठेवावा, आणि मग लक्षात येतं की ती तर नाहीच. गादीला नवीन खोळ शिवतो. धोंड्याचा महिना तर तीन वर्षांनी येतो आणि पुढच्या वेळी आपण असू की नाही हे मनात येतंच, बोलत नाही एवढंच. म्हणून ती हट्ट करते.

पण पोरी, २०२३ ला माझी लेक पुण्याला, तिला जुळी, सात महिन्यांची. अधिक श्रावण होता. माझ्या जावेने सांगितलं की वाण तर माहेरच्या उंबऱ्यातच व्हायला पाहिजे. मी विचार केला, वाण म्हणजे काय, ३३ अनारसे, एक तांब्याचं ताम्हण, वर एक निरांजन, आणि द्यायचं लेक-जावयाला. यातलं कुठलं असं आहे की जे रेल्वेत बसत नाही? मी इथे तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरून ओलसर असतानाच कुटले, चाळले, गूळ घालून मळून त्याचे गोळे करून डब्यात भरले. ह्यांना घेऊन गाडीत बसले. लेकीच्या घरी तिच्या ओट्यावर तळले. ती जुळ्यांना घेऊन दारात बसली होती आणि खसखशीचा वास घरभर. जावई ताटावर बसले तेव्हा धोंडेही केले पुरणाचे, औक्षण केलं, ताम्हणावर रुमाल टाकून वाण दिलं. माझ्या मनात काही कमी वाटलं नाही. आणि सतरा दिवस नातवंडं मांडीवर मिळाली, लेक आली असती तर चार दिवसांत निघाली असती आणि त्यातले दोन दिवस पाहुण्यांत गेले असते.

तू आईला "येत नाही" म्हणू नको. "तू ये, मला तू पाहिजेस" म्हण. या दोन बोलण्यांत फार फरक आहे. आणि हे तू बोल, जावयांना बोलायला लावू नको. बाबांचं ऑपरेशन झालेलं आहे म्हणतेस, तर त्यांना खालचा बर्थ मिळेल असं बघ आणि स्टेशनवर घ्यायला जा.

अकोल्याला दिवाळीनंतर थंडीत जा, तेव्हा हुरडा असतो. लेकरं शेतात मोकळी फिरतील. वऱ्हाड काही फक्त उन्हाचं नाही.

संत्र्याची_बाग

आज्जी, तुमच्यापुढे मी काय बोलू. फक्त भावंडांचं तेवढं बघा ताई, मामाची पोरं त्यात सुटायला नकोत, माझं मुख्य म्हणणं तेच होतं.

सईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगते.

काल रात्री मुलं झोपल्यावर आईला फोन केला. आज्जींनी सांगितलं तसंच बोलले, आई तू ये, मला तू पाहिजेस. तिकडून काही आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, "तुझ्याकडं मोठी कढई आहे का?" मी रडायलाच लागले. मग तीही. मग बाबांनी फोन घेतला आणि गाडी कुठली ते विचारलं.

ठरलं असं. १ मेच्या मांडवीने आम्ही देवरुखला, १० मेपर्यंत तिथेच, म्हणजे ५ रजा. सासूबाईंना मनवाची कल्पना सांगितली, त्यांना इतकी आवडली की त्यांनी ३ तारखेला रविवारी संध्याकाळी खळ्यातच सगळ्या भावकीला बोलवायचं ठरवलं, आंबे कापायचे आणि गप्पा. फक्त नवऱ्याच्या मोठ्या आत्या, ज्या आता अंथरुणावर असतात, त्यांच्याकडे आम्ही चौघं एक पूर्ण सकाळ जाणार. सईला आजपासून त्यांचा फोटो दाखवायला सुरुवात केलीये, त्यांना लहानपणी मांजराने आणलेलं पिल्लू सांभाळायला लागलं होतं ही गोष्ट नवऱ्याने सांगितली, सई तीनदा ऐकून झोपली. विहिरीबद्दल मामंजींना विचारलं तर म्हणाले कठडा कमरेएवढा आहे, पण मागच्या बाजूचा एक चिरा निखळलाय, तो गवंड्याला सांगून या महिन्यातच बसवून घेतो. रातांबा दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंच नसतं.

आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याला येणार, धोंडा आमच्या घरी. आणि संत्र्याची_बाग दादा, भावंडांचं तुमचं म्हणणं मनाला लागलं होतं म्हणून दादा-वहिनीला विचारलं, तर त्यांचे दोघं, एक नऊ आणि एक बारा, आई-बाबांबरोबर येतायत. विदर्भातल्या शाळा तशाही आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, तर ते पहिला पाऊस ठाण्यात बघून जातील. बारा वर्षांचा भाचा म्हणतोय मी सईला सायकल शिकवतो. उरलेल्या ४ रजा आम्ही तेव्हाच घेणार. अकोल्याच्या मावश्या थोड्या नाराज आहेत, त्यांना मी एकेकीला स्वतः फोन करतेय, थंडीत येते असं तारखेसकट सांगतेय, नुसतं बघू म्हणत नाही.

सिस्टर, आईच्या कूलरचं अर्थिंग तरी बघून घ्यायला दादाला सांगितलं. त्याने कूलरच्या पत्र्याला लावलेल्या टेस्टरचा फोटो पाठवला, दिवा लागत होता, म्हणजे पत्र्यात करंट. आता इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. त्या कूलरला माझे बाबा रोज हाताने पाणी भरतात.

आज्जी, एक विचारायचं राहिलं. आईला काळजी आहे की जूनच्या गरमीत रात्रभर गाडीत पीठ आंबेल का, आणि ठाण्याच्या दमट हवेत अनारसे बिघडतील का?

आज्जी_परतवाडा

कढई विचारली म्हणजे आली तुझी आई!

पीठ आंबत नाही, गूळ घातलेला असतो, ते महिनाभरसुद्धा राहतं. स्टीलच्या कोरड्या डब्यात गच्च दाबून भरायला सांग, आतून तुपाचं बोट फिरवायचं. डबा सीटखाली नको, पिशवीत वर ठेवा. ठाण्याला पोचल्यावर लगेच तळू नका, एक रात्र जाऊ दे. घट्ट वाटलं तर पिकल्या केळ्याचा अगदी छोटा तुकडा कुस्करून मळायचं, दूध घालायचं नाही. दमट हवेत पीठ ओल धरतं, मग अनारसा तुपात गेला की हसतो, सगळा विस्कटतो. तसं झालं तर थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळून परत मळा. मंद आच, खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काढल्यावर चाळणीत उभे करून ठेवा, तूप निथळतं.

आणि ३३ वाणाचे वेगळे मोज, पोरांचे वेगळे. चार पोरं आहेत घरात, ५० तरी कर.